देवाला सांगून झालं, मग फादरांकडे कशाला? एका कबुलीचं प्रकरण

हे प्रकरण एका जोडप्याचं आहे. दोघांच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पत्नी जन्माने कॅथलिक, पती प्रोटेस्टंट. लग्न बिशपांची रीतसर परवानगी घेऊन तिच्या चर्चमध्ये लागलं, पण पुढे संसार रुळला तो पतीच्या मंडळीत, म्हणजे त्याच्या चर्चच्या समूहात. रविवारची उपासना, मुलांची संडे स्कूल, स्त्रियांची प्रार्थनासभा, सगळं तिथेच. कॅथलिक चर्चमध्ये ती जायची ती माहेरच्या लग्नकार्याला किंवा अंत्यविधीला, आणि ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घेण्याच्या, वेळी बाकावरच बसून राहायची. कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पाप कबूल करायला, तर ती लग्नानंतर गेलीच नव्हती. मग तिची आई अंथरुणाला खिळली. फादर घरी येऊन आईला ख्रिस्तप्रसाद देत. लेकीनेही तो आपल्याबरोबर घ्यावा, एवढीच आईची इच्छा होती. "त्याआधी एकदा फादरांपाशी मन मोकळं कर," ती म्हणाली.

इथून घरात वाद सुरू झाला. पतीचं म्हणणं सरळ होतं: देवाला सांगून झालं आहे, मग मध्ये माणूस कशाला? पत्नीला ते पटायचं, पण चैन पडायचं नाही. मी त्यांच्या मंडळीत बायबल अभ्यास घेतो. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मसेवक, नाही; मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या वडीलमंडळातही नाही. कदाचित म्हणूनच ते माझ्याकडे आले. त्यांना एका प्रश्नाचा निकाल हवा होता: ख्रिस्ती माणसाने आपलं पाप धर्मगुरूंसमोर कबूल करणं आवश्यक आहे का?

पाप नेमकं कोणतं, हे तोवर पतीलाही ठाऊक नव्हतं. आपल्या बायकोच्या मनात काही जुनं सलतंय एवढंच त्याला माहीत होतं, आणि तेवढ्यावर तो तत्त्वाची लढाई लढत होता.

पतीची बाजू

ती कमकुवत नव्हती. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो म्हणजे ख्रिस्त येशू. इब्री लोकांस पत्र म्हणतं की आपला महान प्रमुख याजक स्वर्गात आहे, म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या. पहिल्या योहानाच्या पहिल्या अध्यायातलं नववं वचन तर त्याला तोंडपाठ होतं: आपण आपली पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. "यात फादर कुठे आहेत, सर?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्या वचनात ऐकणाऱ्याचा उल्लेख नाही.

शिवाय त्याला इतिहासातला एक धागा सापडला होता. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेने, समजत्या वयाच्या प्रत्येक विश्वासणाऱ्याने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूंकडे पाप कबूल करावं असा नियम केला. म्हणजे बाराशे वर्षांनी माणसांनी काढलेली ही पद्धत, असा त्याचा निष्कर्ष. तो मला मान्य नाही. 1215 च्या परिषदेने वर्षातून एकदाची सक्ती घातली. धर्मसेवकासमोर पाप सांगण्याची रीत त्याच्या फार आधीची आहे. पहिल्या शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा पापांसाठी बिशपांच्या देखरेखीखाली उघड प्रायश्चित्त करावं लागे. ते वर्षानुवर्षं चाले आणि सहसा आयुष्यात एकदाच मिळे. एका व्यक्तीने एका धर्मगुरूला खासगीत आणि पुन्हापुन्हा सांगण्याची पद्धत आयरिश मठवासींनी सहाव्या-सातव्या शतकांत युरोपभर नेली. तिला विरोधही झाला. 589 साली स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने अशा वारंवारच्या क्षमेवर कडक टीका केली. कबुलीसाठीची जाळीची लाकडी खोली तर आणखी उशिरा, सोळाव्या शतकात, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या आग्रहामुळे रूढ झाली. थोडक्यात, रूप बदलत गेलं आहे. पण पाप दुसऱ्या माणसाच्या कानावर घालणं हे ख्रिस्तसभेत कधी परकं नव्हतं.

हे मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रीत जुनी असेल. पण दावीद राजा कुणाकडे गेला होता? सरळ देवाकडेच ना?" आणि त्याने बायबलमधलं दाविदाचं 51 वं स्तोत्र उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. चौथ्या ओवीपाशी, जिथे दावीद म्हणतो की तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे, तिथे पत्नीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मी फक्त देवाविरुद्ध नाही केलं," ती म्हणाली.

पाप

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात घरचा सगळा व्यवहार तिच्या हाती होता. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी म्हणून वडिलांनी एक ठेव बाजूला काढली होती, आणि ती कोणासाठी आहे हे एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून तो कागद तिच्याकडे दिला होता. वडील गेले. ठेवीची मुदत संपली. त्याच सुमारास या दोघांचं घर घ्यायचं चाललं होतं आणि पैसे कमी पडत होते. तिने ती रक्कम घरात घातली. पतीला सांगितलं की वडिलांनी आपल्यासाठी ठेवले होते. भावाला ठेवीबद्दल काहीच कळलं नाही. त्याने शिक्षण अर्ध्यावर सोडून नोकरी धरली.

वडिलांचा तो कागद तिने फाडला नव्हता. प्रार्थनापुस्तकाच्या कव्हरच्या आत, पुठ्ठा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये, चार घड्या घालून ठेवला होता. तो काढून तिने टेबलावर ठेवला. घड्यांवर शाई उडाली होती, पण भावाचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. रात्री प्रार्थनेला बसलं की हातात तेच पुस्तक, आणि रोज तीच क्षमायाचना. पती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे आपलं घर?"

त्या क्षणी मूळ प्रश्नच वेगळा दिसायला लागला. फादर की थेट देव, हा वाद दोघं घालत होते, आणि ज्याचं नुकसान झालं तो भाऊ दोघांच्याही वाक्यांत नव्हता.

नाथान

51 व्या स्तोत्राच्या वर एक ओळ असते. बहुतेक जण ती वगळून वाचायला सुरुवात करतात. हे स्तोत्र दाविदाचं, नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं, असं तिथे लिहिलेलं आहे. प्रसंग दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात आहे. बथशेबेबरोबर व्यभिचार झाला, तिचा पती उरीया याला लढाईत पुढे ठेवून मारवलं गेलं, तिला राजवाड्यात आणून लग्न झालं, मूलही झालं. या सगळ्या काळात दावीद प्रार्थना करत नसेल असं मानायला आधार नाही. तो स्तोत्रं रचणारा माणूस होता. पण तोंडून कबुली निघाली ती नाथानाने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून "तो मनुष्य तूच आहेस" असं तोंडावर म्हटल्यानंतर. दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. आणि क्षमेचा शब्दही त्याला नाथानाच्याच तोंडून ऐकायला मिळाला: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे.

देवाशी थेट बोलण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून आपण जे स्तोत्र पुढे करतो, ते एका माणसासमोर उभं राहिल्यावर जन्माला आलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि मी स्वतः प्रोटेस्टंट असूनही ती ठासून सांगतो. क्षमा देवाचीच. नाथानाने स्वतःच्या अधिकारात काही दिलं नाही. तरीही देवाने ती त्याच्या हातून पोचवली.

नव्या करारात हीच गोष्ट पुन्हा दिसते. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर फुंकर घालून म्हटलं की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे आणि ज्यांची तशीच राहू द्याल ती तशीच राहतील (योहान 20:22-23). कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च या वचनावर उभे आहेत: हा अधिकार प्रेषितांना आणि त्यांच्यामागून बिशप व धर्मगुरूंना मिळाला. आणि क्षमा करायची की राहू द्यायची हे ठरवायचं, तर पाप ऐकावं लागणारच. प्रोटेस्टंट परंपरा याच वचनात सुवार्तेची घोषणा करण्याचा अधिकार पाहते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात "आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा" असं आहे. कॅथलिक बाजू दाखवून देते की त्याच्या आधीच्याच दोन वचनांत मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावण्याची आज्ञा आहे. प्रोटेस्टंट बाजू "एकमेकांजवळ" या शब्दावर बोट ठेवते. या वादाचा निकाल मी लावू शकत नाही. पण "कुणालाही काही सांगायचं नाही" असं या पत्रातून कोणीच काढू शकत नाही.

तिच्यासाठी आवश्यक होतं का?

होय. पण कारण नीट सांगायला हवं.

तिला कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घ्यायचा होता. त्या चर्चचा नियम असा आहे की बाप्तिस्म्यानंतरची सगळी गंभीर पापं, आठवतील तेवढी, प्रकार आणि संख्या यांसह धर्मगुरूंसमोर सांगायची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1551 साली हे ठामपणे मांडलं आणि आजच्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या कायद्यातही, ते आहे. गंभीर पापाची जाणीव असताना, कन्फेशन शक्य असताना, ते न करता ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. क्षुल्लक पापांना ही सक्ती नाही, तीही सांगावीत असा फक्त आग्रह आहे. धाकट्या भावाचं शिक्षण तुटेल असा पैसा लपवून घेणं क्षुल्लक नव्हे, हे सांगायला कोणी धर्मपंडित लागत नाही.

मात्र पतीची एक समजूत इथे दुरुस्त करावी लागली. फादर भेटेपर्यंत देव क्षमा अडवून ठेवतो, असं कॅथलिक चर्च शिकवतं असं त्याला वाटत होतं. तसं ते शिकवत नाही. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पुरता पश्चात्ताप गंभीर पापाचीही क्षमा मिळवतो, फक्त त्यात शक्य तितक्या लवकर कन्फेशनला जाण्याचा पक्का निश्चय असायला हवा. 20 मार्च 2020 रोजी, साथीमुळे चर्च बंद पडत असताना, पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात हेच सांगितलं: धर्मगुरू भेटत नसतील तर देवाशी बोला, तो तुमचा पिता आहे, नंतर कन्फेशनला जाईन असं त्याला वचन द्या.

दुसरीकडे पत्नीचीही एक भीती होती, आणि ती मला जास्त काळजीची वाटली. तिच्या भावाचे आणि फादरांचे चांगले संबंध होते. "ते त्याला सांगतील," ती म्हणाली. ते सांगू शकत नाहीत. शब्दाने नाही, खुणेने नाही, कोणत्याही कारणासाठी नाही. मोडलं तर थेट बहिष्काराची शिक्षा आहे. एवढंच नव्हे, कळलेल्या गोष्टीचा तिच्या नुकसानीसाठी उपयोगही करता येत नाही. पतीने नावं ठेवलेल्या त्या 1215 च्या नियमातच, गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून आयुष्यभर मठात प्रायश्चित्त करायला लावावं असं आहे. आमच्या मंडळीत कोणी वडीलमंडळातल्या एखाद्याकडे मन मोकळं केलं तर ते कुठवर जाईल, याची अशी हमी मला देता आली नसती. हे मी पतीसमोरच म्हटलं.

पतीची परंपरा काय सांगते

प्रोटेस्टंटांनी कन्फेशन टाकून दिलं, ही समजूत अर्धवट आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर 1522 च्या मार्च महिन्यात विटेनबर्गला परतले तेव्हा सलग आठ दिवस त्यांनी प्रवचनं दिली. शेवटच्या दिवशी ते खासगी कबुलीबद्दल बोलले: कोणावर सक्ती करणार नाही, पण ती माझ्यापासून कोणाला हिरावूनही घेऊ देणार नाही, कारण तिने मला किती बळ दिलं ते मला माहीत आहे. 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीतलं, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनातलं, अकरावं कलम सांगतं की खासगी क्षमाघोषणा मंडळ्यांमध्ये चालू ठेवावी, मात्र सगळी पापं मोजून सांगण्याची गरज नाही. अँग्लिकन चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात, ज्याचं मन स्वतःहून शांत होत नाही त्याने सुज्ञ धर्मसेवकाकडे जाऊन आपलं दुःख उघड करावं असं आवाहन आहे. दुसरे मोठे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांनी सक्ती कडाडून नाकारली, पण व्याकूळ माणसाने पाळकाकडे जावं असंही म्हटलं. आणि कॅल्विनच्या परंपरेतल्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत एक वाक्य आहे जे या प्रकरणाला अगदी लागू पडतं: प्रत्येकाने देवाजवळ खासगीत कबुली द्यावी, पण ज्याने आपल्या भावाला दुखावलं आहे त्याने त्या भावासमोर आपला पश्चात्ताप सांगायला तयार असावं.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कबुली देणारा ख्रिस्ताच्या प्रतिमेसमोर उभा राहतो आणि धर्मगुरू बाजूला, साक्षीदार म्हणून. मी या दोघांना हे चित्र मुद्दाम सांगितलं. "मध्ये माणूस कशाला" या आक्षेपाला ते एका दृष्टिक्षेपात उत्तर देतं. माणूस मध्ये नसतो, शेजारी असतो.

माझं मत मी लपवलं नाही. तारणासाठी धर्मगुरूंसमोरची कबुली प्रत्येक ख्रिस्ती माणसाला अनिवार्य आहे असं मी शास्त्रावरून म्हणू शकत नाही. पण आमच्या मंडळ्यांनी सक्ती काढताना दारही भिंतीत बुजवून टाकलं, ही आमची मोठी हानी आहे. एकट्याने केलेल्या प्रार्थनेत माणूस आपलं पाप गुळगुळीत करून सांगू शकतो. ती रोज म्हणायची, "प्रभू, माझ्या लोभाची क्षमा कर." भावाचं नाव त्या प्रार्थनेत नव्हतं, रक्कमही नव्हती. देवाने ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ती स्वतः ते ऐकत नव्हती.

पुढे काय झालं

ती गेली. काय बोलणं झालं ते तिने नंतर सांगितलं. गुपिताचं बंधन धर्मगुरूंवर असतं, कबुली देणाऱ्यावर नाही. तिने लोभापासूनच सुरुवात केली. फादरांनी मध्येच, शांतपणे विचारलं, "कोणाचे पैसे होते?" मग, "परत करणं शक्य आहे का?" मग, "यजमानांना माहीत आहे?" एवढंच. प्रार्थना सांगितली, आणि परतफेड हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे हे स्पष्ट केलं. घेतलेलं परत देणं क्षमेनंतरही टळत नाही, ही चर्चची जुनी शिकवण आहे. पण एक गोष्ट तिला अनपेक्षित होती: परतफेड करताना स्वतःचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, असंही त्यांनी सांगितलं. पैसे पोचले पाहिजेत. कोणाकडून आले हे सांगायचं की नाही ते तिने विवेकाने ठरवावं. मग त्यांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पापमुक्तीचे शब्द म्हटले.

पतीला हे खटकलं. "अजून एक पैसा दिला नाही आणि मोकळी?" तो मला म्हणाला. मी त्याला बायबलमधल्या जक्कय या जकातदाराकडे वळवलं. चौपट परत देण्याचं त्याने नुसतं बोलून दाखवलं होतं, आणि येशूने त्याच वेळी म्हटलं की आज या घराला तारण मिळालं आहे (लूक 19). खरा निश्चय असेल तर क्षमा वसुलीची वाट पाहत नाही. आणि वसुली केली नाही, तर निश्चय खरा नव्हता. त्याला हे पटलं, कारण कर्जाचा अर्धा भार आता त्याच्याही डोक्यावर होता. घर दोघांचं होतं.

नाव न सांगता पैसे पाठवण्याचा मार्ग तिने घेतला नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पाप कबूल करून मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा अपराध केला त्याला द्यावा असं आहे. दोघांनी तोच हिशेब धरला. ती भावाकडे गेली आणि वडिलांचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला आणि पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. "ताई, बाबांनी माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो," तो म्हणाला. तिला जे नुकसान मोजता येत होतं त्याहून मोठं नुकसान हे होतं, आणि ते तिला त्याच्या तोंडूनच कळायचं होतं. फादरांना, मला किंवा तिच्या रात्रीच्या प्रार्थनेला ते ठाऊक असण्याचा मार्गच नव्हता. म्हणून मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो.

भावाने हप्त्यांनी रक्कम घ्यायचं कबूल केलं. क्षमा केली असं तो अजून म्हणालेला नाही, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न करू नका असं मी दोघांना बजावलं आहे. आई जाण्यापूर्वी लेकीने तिच्याबरोबर ख्रिस्तप्रसाद घेतला. आईला यातलं काही सांगितलं गेलं नाही, तो निर्णय दोघा भावंडांनी मिळून घेतला.

पती अजूनही कन्फेशनला आवश्यक मानत नाही. पण आमच्या मंडळीत माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न वडीलमंडळापुढे त्यानेच मांडला. काहींनी ही रोमची वाट आहे म्हणून विरोध केला. मी त्यांना ऑग्सबर्गचं अकरावं कलम वाचून दाखवलं. आता एक मसुदा तयार होतो आहे: ज्याला हवं त्याने पाळकांकडे किंवा वडीलमंडळातून नेमलेल्या दोघांपैकी एकाकडे जावं, सक्ती कोणावरच नाही, ऐकलेलं बाहेर गेलं तर ऐकणाऱ्याने पद सोडावं, आणि कोणाचं काही घेतलं असेल तर परतफेडीची गोष्ट काढल्याशिवाय प्रार्थना संपवू नये. कोणाच्या जिवाला धोका असेल अशी गोष्ट कानावर आली तर काय करायचं, या कलमावर अजून एकमत झालेलं नाही.